विंडोज ७ अजून लागते आहे : मंडळाचा जुना पीसी, श्रीलिपी आणि पेजमेकरच्या फायली (बडोदा)

दांडिया_बाजार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यालयात एक जुना पीसी आहे. कोअर टू ड्युओ, ३ जीबी रॅम, विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती. मंडळाचे वार्षिक अंक, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, सभासदांची यादी, वाचनालयाची पुस्तकयादी, सगळं त्याच्यावर तयार झालेलं. अंकाची पानं पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली, मजकूर श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि श्रीलिपी चालावी म्हणून मागे यूएसबीचं डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली.

आता कार्यकारिणीत दोन मतं पडली आहेत. काही जण म्हणतात, भंगारवाल्याला द्या आणि नवा घ्या. बाकीचे म्हणतात, चालतोय ना, मग खर्च कशाला? आणि चालतोय म्हणून मंडळाचा ईमेल, बँकेचं खातं, कुणीही आणलेला पेनड्राइव्ह, सगळं त्याच्यावरच होतं. पहिलं मत मला घाईचं वाटतं आणि दुसरं धोक्याचं.

माझं म्हणणं असं आहे. सपोर्ट संपलेली प्रणाली टिकवायची असेल तर तिच्यावरची कामं कमी करत न्यायची. जे दुसरीकडे होऊ शकतं ते आजच हलवायचं, जे फक्त तिथेच होतं तेवढं ठेवायचं, आणि नेटची वायर काढायची. आमच्याकडे फक्त तिथेच होणारं काम एकच आहे : जुने अंक उघडणं आणि त्यांतला मजकूर बाहेर काढणं. नवा अंक या पीसीवर लावायचाच नाही.

विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ ला. सगळ्यांना मिळणारी सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, आणि कंपन्या पैसे भरून घेत होत्या ती १० जानेवारी २०२३ ला. हे बैठकीत सांगितलं की प्रश्न येतो, अपडेट आलं नाही तर बिघडतं काय? बिघडलेलं काही दिसत नाही, हीच तर अडचण आहे. नव्या विंडोजसाठी दर महिन्याला ज्या दुरुस्त्या येतात त्यांतले काही दोष जुन्या आवृत्त्यांपासून चालत आलेले असतात. दुरुस्ती जाहीर झाली की दोष कुठे होता हे शोधणाऱ्याला कळतं. नव्या आवृत्तीत तो बुजतो, जुनीत तसाच राहतो. म्हणजे दर महिन्याला जुन्या पीसीचा पत्ता थोडा अधिक स्पष्ट होत जातो.

कधी ही विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर आणखी एक अडथळा आहे, तोही इथे लिहून ठेवतो. मूळ डीव्हीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ ला विंडोज अपडेट दाद देत नाही. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची सही शा-२ पद्धतीची केली आणि जुन्या विंडोजला ती ओळखता येत नाही. त्यामुळे आधी सर्व्हिस पॅक १, मग केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या क्रमांकांची दोन अपडेट हाताने टाकावी लागतात. त्यानंतर केबी ३०२०३६९ आणि २०१६ सालचा मोठा गठ्ठा केबी ३१२५५७४ टाकला की एप्रिल २०१६ पर्यंतची बहुतेक अपडेट एका झटक्यात बसतात. ही सगळी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून दुसऱ्या पीसीवर उतरवून एका डीव्हीडीत आजच जपून ठेवा. ती तिथे कायम राहतील असं धरून चालू नये.

इथल्या जाणकारांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. हार्डवेअर किती ताणता येईल, जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा शहाणा मार्ग कोणता, आणि हा पीसी नव्या पीसीच्या आत आभासी स्वरूपात चालवण्याचा कुणाला अनुभव आहे का.

सयाजीगंजकर

हार्डवेअरचं मी सांगतो, दुरुस्तीच्या टेबलावर हेच पीसी येतात.

सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की बंद-चालू केल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं अवैध दिसतात, परवान्याची तारीख तपासणारी सॉफ्टवेअरं अडून बसतात. लोक विंडोज खराब झाली समजून फॉरमॅट करायला आणतात. दोष सेलचा असतो.

दुसरं, हार्डडिस्क. एवढी जुनी फिरती डिस्क आज चालतेय म्हणजे उद्या चालेल असं नाही. विंडोज ७ ला साधी साटा एसएसडी छान मानवते, ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) तिला येतं. त्याआधीच्या विंडोज एक्सपीचं तसं नाही. एक्सपीला ट्रिम माहीत नाही, शिवाय एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, त्यामुळे एसएसडीच्या आणि ४ केबी सेक्टरच्या डिस्कच्या आखणीशी ते जुळत नाही आणि लिहिणं संथ होतं. विंडोज ७ एक एमबी सोडून सुरू करते, तिथे हा प्रश्न नाही. तुमच्याकडे ७ आहे, बिनधास्त बदला.

तिसरं, सुटे भाग. 'बोर्ड गेला तर नवा टाकू' हे विंडोज ७ बाबत चालत नाही. तिच्या डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीचे नाहीत. इंटेलच्या सहाव्या पिढीपुढच्या प्रोसेसरवर मायक्रोसॉफ्टने ७ ला सपोर्टच दिला नाही. म्हणून त्याच पिढीचा एक चालू बोर्ड आणि एक बरा पॉवर सप्लाय आत्ताच घेऊन ठेवा. हे भाग अजून मिळतात, आणि स्वस्त मिळतात.

आणि तो पीसी जमिनीवर ठेवलाय का? टेबलावर घ्या.

सुरसागर_सांज

धागा वाचून घरचा प्रश्न विचारते. आमचे बाबा अजून विंडोज ७ वरच बसतात. पत्रिका पाहतात, नाट्यसंगीत ऐकतात आणि नेटबँकिंग करतात. त्यांना नव्या विंडोजचा पडदा आवडत नाही. अँटीव्हायरस टाकून दिला तर चालेल का?

रावपुरेकर

ताई, नेटबँकिंगसाठी नाही चालणार. यात मी मधला मार्ग सुचवणार नाही.

आधी ब्राउझर बघा. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर क्रोमला विंडोज १० लागते. फायरफॉक्सचा नेहमीचा मार्ग ११५ वर थांबला, पण मोझिलाने ११५ च्या दीर्घ सपोर्टच्या शाखेला जुन्या विंडोजसाठी अनेकदा मुदतवाढ दिली. म्हणजे बातम्या वाचण्यापुरता पर्याय काही काळ होता. पण ब्राउझर दुरुस्त झाला तरी खालची विंडोज दुरुस्त होत नाही. फॉन्ट वाचणारा भाग, चित्र उलगडणारा भाग, नेटवर्कचा भाग, हे सगळं विंडोजचं. अँटीव्हायरस ओळखीचा चोर पकडतो, पण भिंतीतलं भगदाड काही बुजवत नाही.

२०१७ सालचं वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो व्हायरस. दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, हल्ला १२ मे ला झाला. ज्यांनी ती दुरुस्ती टाकली होती त्यांच्या यंत्रांत तो त्या वाटेने शिरू शकला नाही. लोक म्हणतात तो एक्सपीचा प्रकार होता, पण त्यात लागण झालेल्या यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ चीच होती. त्या वेळी ७ ला सपोर्ट होता, फक्त लोकांनी अपडेट टाकली नव्हती. आज टाकायची म्हटली तरी अपडेट येत नाहीत.

बाबांना पडदा तसाच हवा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली दाखवा. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, चिन्हं जागच्या जागी. बँक मात्र अपडेट मिळणाऱ्या यंत्रावरूनच.

सुरसागर_सांज

धन्यवाद. कडक आहे, पण पटलं. रविवारी मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून त्यांना दाखवते.

मकरपुरा_टूलरूम

माझं क्षेत्र वेगळं आहे, पण दुखणं तेच. मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये मोजमापाचं एक यंत्र आहे, त्याचा पीसी एक्सपीवर. यंत्राचं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं, ड्रायव्हर फक्त एक्सपीचा. बनवणाऱ्या कंपनीने नवा ड्रायव्हर द्यायला नकार दिला, नवं यंत्र घ्या म्हणाले. यंत्राची यांत्रिक अचूकता आजही उत्तम आहे. एका पीसीसाठी ते कुणी फेकणार नाही, आणि फेकूही नये.

एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. तरीही तो पीसी रोज चालतो, कारण त्याला एकच काम आहे. दांडिया बाजार म्हणतात तेच आम्ही करतो आहोत, आणि त्यात सगळ्यात जास्त अडचण कुठे येते ते सांगतो. अडचण येते फायली बाहेर काढताना. यंत्र मोजतं एक्सपीवर, अहवाल द्यायचा असतो ऑफिसच्या पीसीवरून.

सरळ मार्ग म्हणून लोक नेटवर्कवर फोल्डर शेअर करतात. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फायली शेअर करण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीच येते. विंडोज १० च्या २०१७ च्या शरदातल्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेलीच नसते. मग कुणीतरी ऑफिसच्या नव्या पीसीवर जाऊन ती चालू करून देतो, शेअर दिसायला लागतं, सगळे खूश. पण वॉनाक्राय शिरला होता तो याच दारातून. म्हणजे एका जुन्या पीसीसाठी तुम्ही चांगल्या, सुरक्षित पीसीचं दार काढून ठेवलंत. असं कधीही करू नका.

पेनड्राइव्ह? तोही सांभाळून. बडोद्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की शॉर्टकट व्हायरस सोबत येण्याची शक्यता असते. कॉन्फिकर २००८ मध्ये आणि स्टक्सनेट २०१० मध्ये, हे दोन घातक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरूनही पसरत होते, आणि स्टक्सनेट तर नेटला न जोडलेल्या यंत्रांपर्यंत पोचला. वायर काढली म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एक्सपीत ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यावरचं आपोआप चालणं) बंद करणं हे पहिलं काम.

आम्ही मध्ये एक लहानसा लिनक्सचा पीसी ठेवला. त्याला दोन नेटवर्क कार्डं. एका बाजूला फक्त एक्सपी, दुसऱ्या बाजूला ऑफिस. एक्सपी त्याच्याकडे फाइल टाकते, ऑफिस त्याच्याकडून सुरक्षित पद्धतीने उचलते, आणि एका बाजूचा डेटा थेट दुसऱ्या बाजूला जाऊच शकत नाही, मार्ग काढलेलाच नाही. मंडळाला एवढं लागणार नाही. तुमच्यासाठी एकच वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, तो या पीसीशिवाय फक्त एका लिनक्स पीसीत लागेल, बाकी कुठेही नाही.

आणि क्लोनझिला या मोफत साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. पेनड्राइव्हवरून सुरू होतं, विंडोजला हात लावावा लागत नाही. प्रतिमा तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर परत उतरते, लहान डिस्कवर नेहमीच्या पद्धतीने नाही, म्हणून एसएसडी घेताना आकार बघा. प्रतिमा घेतली की ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून पीसी सुरू होतो का तेही बघा. न तपासलेली प्रत ही प्रत धरू नये.

कमाटीबाग_वाचक

मी विद्यार्थी आहे, काकांनो राग मानू नका. पण एवढी खटपट का? लिनक्स टाका, वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) पेजमेकर चालवा, विषय संपला. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्यावर बसते. दुसरं म्हणजे, आपण जुनं धरून ठेवतो म्हणूनच मराठीचा मजकूर या कुलपात अडकून राहिला आहे असं मला वाटतं.

दांडिया_बाजार

राग कसला रे, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे.

पण कुलपातला मजकूर काढायला किल्ली त्या जुन्या पीसीतच आहे. वाइनमध्ये पेजमेकर सुरू होईलही, पण डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि वाइन विंडोजचा गाभा चालवत नाही. डोंगल दिसलं नाही की श्रीलिपीचं टंकलेखन सुरू होत नाही. तू म्हणतोस ते मिंट मी नव्या कामासाठी नक्की ठेवणार आहे : ईमेल, पत्रं, हिशेब, सगळं त्यावर. जुना पीसी बाजूला, फक्त उतारे काढण्यासाठी.

३२ बिटचं एक सांगतो, कारण कुणाकडे त्याहून जुना पीसी असेल. डेबियन १२ ही ३२ बिट पीसीवर थेट बसवता येणारी शेवटची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये ती सोय काढली. तेव्हा 'जुना पीसी म्हणजे लिनक्स टाका' हेही आता सरसकट सांगता येत नाही.

अक्षरजुळणी

मी रावपुऱ्यात बरीच वर्षं मराठी आणि गुजराती डीटीपी केलं आहे, आणि धाग्यातला खरा प्रश्न माझ्या मते विंडोजचा नाहीच. मजकुराचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, या सगळ्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलमध्ये साठतं ते अक्षराचं चित्र कुठल्या क्रमांकाला आहे एवढंच. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांचीही वेगळी. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोडमध्ये अक्षर म्हणून साठतं, फॉन्ट कुठलाही लावा.

आता रूपांतर करताना गंमत नाही, कष्ट आहेत. जुन्या फॉन्टांत मजकूर दिसतो त्या क्रमाने टंकलेला असतो. 'कि' मध्ये पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये 'क' आधी. रफार जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी. कन्व्हर्टर साध्या शब्दांत हे बरोबर उलटतो. घोळ होतो तो 'मूर्ती', 'आर्थिक', 'वैशिष्ट्य' अशा ठिकाणी, जिथे जोडाक्षर, वेलांटी, रफार यांतले दोन-तीन एकत्र येतात. आणि 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतला अर्धा र तर हमखास चुकतो, कारण हिंदीला धरून केलेल्या कन्व्हर्टरांत त्याची सोयच नसते. त्यातून एकाच पानावर शीर्षकाला एक फॉन्ट, मजकुराला दुसरा, आणि मध्ये कुठे इंग्रजी शब्द आला की कन्व्हर्टर त्याचंही मराठी करून ठेवतो.

म्हणून मी दोन टप्पे सुचवते. पहिला टप्पा : जुन्या पीसीवर प्रत्येक अंक उघडायचा आणि फॉन्ट आत बसवून पीडीएफ करायची. हे पहिल्यांदा, बाकी सगळं नंतर. यामुळे पान जसं छापलं होतं तसं कायमचं सुरक्षित होतं आणि डोंगल गेलं तरी अंक वाचता येतो. त्या पीडीएफमध्ये शोधता मात्र येत नाही, कारण आत अजून जुनेच क्रमांक आहेत.

दुसरा टप्पा मजकुराचा. तिथे दोन वाटा आहेत. एक, पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढून कन्व्हर्टरमधून घालणं. दुसरी, पीडीएफच्या पानांची स्वच्छ चित्रं करून टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन) वाचून घेणं. टेसरॅक्टला मराठी येतं. छापील कागद स्कॅन करण्यापेक्षा थेट पीडीएफवरून केलेलं चित्र कितीतरी स्वच्छ असतं, म्हणून निकाल बरा येतो. माझा अनुभव असा की लेख सलग आणि एकाच फॉन्टात असेल तर कन्व्हर्टर चांगला, आणि जाहिराती, चौकटी, कवितांची पानं असतील तर टेसरॅक्ट. दोन्हींनंतर मुद्रितशोधन माणसानेच करायचं. मंडळात निवृत्त शिक्षिका असतात, त्यांच्याइतकं चांगलं हे काम कुणी करत नाही.

एक पर्याय आणखी. लिब्रेऑफिसचा ड्रॉ विभाग ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडतो. मांडणी थोडी हलते, पण फॉन्ट टाकलेले असतील तर मजकूर दिसतो आणि उचलताही येतो. इनडिझाइनही उघडत असे, पण सीएस६ पर्यंतच. ज्यांचा जुना पीसी बंदच पडला आहे त्यांनी हताश होऊ नये, एवढ्यासाठी सांगितलं.

रावपुरेकर

अक्षरजुळणी ताई, हा प्रतिसाद वेगळा काढून जपून ठेवावा असा आहे.

आभासी पीसीबद्दल विचारलं होतं, ते सांगतो. सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी नावाचं छोटं साधन आहे. ते चालू विंडोजवरच चालवलं की डिस्कची आभासी प्रत बाहेरच्या डिस्कवर तयार होते. नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती लावायची. यूएसबीचं डोंगल आत पाठवता येतं, सेटिंगमध्ये त्याच्यासाठी फिल्टर बनवावा लागतो. मागे प्रिंटरच्या मोठ्या पोर्टात बसणारं डोंगल असेल तर भरवसा धरू नका.

नेटवर्क कार्ड आभासी पीसीच्या सेटिंगमधूनच बंद करा. आणि चांगली स्थिती झाली की स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर क्षणात मागे जाता येतं.

परवान्याचं मात्र नीट बघा. पीसीसोबत आलेली (ओईएम) विंडोज परवान्याच्या अटींनुसार त्या यंत्राशी बांधलेली असते आणि आभासी पीसीत गेली की हार्डवेअर बदललं म्हणून पुन्हा सक्रिय करायला सांगते. मंडळाकडे दुकानातून स्वतंत्र घेतलेली प्रत असेल तर अडचण कमी.

सुरसागर_सांज

पुन्हा मीच. आमच्या दुसऱ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि ११ बसत नाही म्हणतो. तोही आता याच रांगेत?

रावपुरेकर

हो, रांगेत आलाच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षा चिप) लागतं आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणून चांगले लॅपटॉपही बाहेर पडले. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवली आहेत. आधी २२एच२ आवृत्तीवर यावं लागतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा येतो. तो घ्या आणि तेवढ्या वेळात पुढचं ठरवा.

सयाजीगंजकर

टेबलाचं मी वर विचारलं होतं, त्याचं कारण सांगायचं राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर कित्येक दिवस माझ्याकडे चिखल भरलेल्या कॅबिनेटांची रांग होती. तळमजल्यावरची ऑफिसं, पीसी फरशीवर, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकदम गेलं. धुऊन, सुकवून काही डिस्क वाचल्या, पुष्कळशा नाही वाचल्या.

म्हणून क्लोनझिलाची एक प्रत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या घरी ठेवा, आणि एक बडोद्याबाहेर. पुण्याला, नाशिकला कुणाचं ना कुणाचं कोणी असतंच.

दांडिया_बाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यकारिणीपुढे धागाच छापून ठेवला. बँक आणि ईमेल या पीसीवरून काढले आहेत, वायर काढली आहे. अंकांच्या पीडीएफ करायचं काम सर्वांत जुन्या अंकापासून सुरू केलं आहे, कारण त्यांच्या फायली पेजमेकर ६.५ च्या आहेत आणि ७ त उघडताना रूपांतर विचारतात. ताई, एक फरक मला जाणवला : छापील अंकात काळी दिसणारी शीर्षकं पीडीएफमध्ये पुसट येत आहेत. फॉन्ट आत बसत नसावा का?

आणि कपाटातून एक नवीन गोष्ट निघाली. डॉसच्या काळातली सभासदयादी, डीबीएफ (माहितीच्या तक्त्यांच्या) फायली, साडेतीन इंची फ्लॉपीवर. त्या वेळी मंडळात भारतीय लिप्या टंकायचं जिस्ट कार्ड होतं म्हणे. हे उघडण्याची काही आशा?

अक्षरजुळणी

शीर्षकांचं : तो फॉन्ट फायलीत मुळात साधा आहे आणि ठळकपणा पेजमेकरने वरून दिलेला असणार. पीडीएफ करताना तो ठळकपणा हरवतो. श्रीलिपीच्या त्याच मालिकेत ठळक फॉन्ट वेगळा असतो, शीर्षकाला तो लावा आणि पुन्हा पीडीएफ करा.

आता फ्लॉपी. ही तर आनंदाची बातमी आहे! जिस्ट कार्डवर टंकलेला मजकूर इस्की या संकेतपद्धतीत असतो, आणि इस्कीमध्ये अक्षराचं चित्र साठत नाही, अक्षरच साठतं. १९९१ सालचं भारतीय मानक आहे ते, आयएस १३१९४. युनिकोडमधला देवनागरीचा भाग इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून आखलेला आहे. वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र आधी, सगळं बरोबर क्रमाने. म्हणजे तुमची सर्वांत जुनी यादी तुमच्या नंतरच्या अंकांपेक्षा सोपी आणि जास्त अचूक रूपांतरित होईल.

कमाटीबाग_वाचक

हे मी करून देतो. आयसीयू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर-संचात इस्कीचं रूपांतर तयार मिळतं, विंडोजमध्येही ५७००२ क्रमांकाचं कोडपेज देवनागरी इस्कीसाठी आहे. डीबीएफमधली रकान्यांची मांडणी साधी असते, लिब्रेऑफिसचं कॅल्क ती थेट उघडतं. तिथे मजकूर विचित्र दिसेल, पण सेव्ह करू नका, नाहीतर कोडपेज बदलून मूळ बाइट बिघडतील. मला डीबीएफ फायलींची फक्त प्रत द्या, मूळ फ्लॉपीला हात न लावता.

मकरपुरा_टूलरूम

फ्लॉपी आत घालण्याआधी तिची लिहिण्याची खिडकी सरकवून उघडी करा, दोन्ही भोकं आरपार दिसली पाहिजेत. मग विंडोज चुकूनही तिच्यावर काही लिहू शकत नाही. आणि फायली एकेक कॉपी करण्याआधी पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा घ्या. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू खराब सेक्टर वगळून पुढे जातं आणि नंतर परत येऊन प्रयत्न करतं. बुरशी लागलेली फ्लॉपी दुसऱ्या वाचनाला टिकत नाही कधीकधी.

दांडिया_बाजार

बुरशी दोन-तीनवर दिसते आहे, त्या बाजूला काढल्या. पण या पीसीला फ्लॉपी ड्राइव्हच नाही. मिळेल कुठे?

सयाजीगंजकर

माझ्याकडे यूएसबीचा आहे, घेऊन जा. साडेतीन इंचीच वाचतो, सव्वापाच इंची निघाल्या तर त्याला वेगळा ड्राइव्ह आणि जुना बोर्ड लागेल. साडेतीनमध्येही १.४४ एमबीच्या वाचेल, ७२० केबीच्या बाबतीत काही यूएसबी ड्राइव्ह अडतात. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एकच भोक असेल तर ती ७२० ची. अशा निघाल्या तर वेगळ्या ठेवा, दुकानात जुन्या बोर्डला जोडलेला ड्राइव्ह आहे, त्यावर वाचू.